पाणी किती लागतं

प्रतापनगरच्या वर्कशॉपात अडतीस वर्षं
मी चाकं तासली.
कुठं जायचं ते चाकांना विचारत नाहीत.
निवृत्तीला घड्याळ मिळालं, शाल मिळाली,
घरी येताना विश्वामित्रीच्या पुलावर स्कूटर थांबवली,
खाली चिखलात मगर पडली होती, तोंड उघडं,
तिच्याकडे बघत ठरवलं :
नाव घ्यायची.

"नाव?" हेमलता म्हणाली. "आपण दांडिया बाजारात राहतो."

तरी रविवारी ती आली.
पिशवीत थालीपिठं, टोचा, हातोडी, बॅटरी
आणि तिचा पाण्याचा पेला, कारण बाहेरचे पेले तिला चालत नाहीत.

भरूचच्या काठावर जीवणभाई टंडेलनं दाखवलेली पहिली
निळीशार, दिवाळीला रंगवलेल्या दुकानासारखी.
मी वाकून नाळेपाशी टोचा लावला,
तो श्रीखंडात चमचा जावा तसा गेला.
"जूनुं लाकडुं छे साहेब, थोडुं तो रहे."
थोडं राहणारच. माझे गुडघे तरी कुठं नवे आहेत.
पण थोडं म्हणजे पाण्याच्या वर का खाली,
एवढंच मला विचारायचं होतं
आणि तेवढंच तो सांगत नव्हता.

दुसरी वेरावळची, खरी ट्रॉलर.
सहा सिलिंडर. बर्फाच्या खणात
वीस वर्षांचं बोंबील अजून राहायला.
सुकाणू धरलं आणि मी, काय सांगू,
बत्तीस वर्षांचा झालो.
डिपस्टिक काढली : तेल काळं, स्वच्छ काळं,
दुधाळ असतं तर पाणी शिरलेलं, तसं काही नाही.
घ्यावी असं तोंडापर्यंत आलं.
हेमलतानं मागून विचारलं,
"हिला पाणी किती लागतं?"
"सात फूट, बहेन."
शुक्लतीर्थाच्या वर उन्हाळ्यात
म्हशी चालत निम्म्या पात्रापर्यंत जातात.
गरुडेश्वरला भिंत आडवी येणार,
पुढं ट्रकवर चढवून ओंकारेश्वरपर्यंत न्यायचा माझा बेत.
हिला दर्या पाहिजे होता.
आमच्याकडे नदी होती, आणि पेन्शन.

उतरताना मी मागं वळून पाहिलं. खोटं कशाला बोलू, दोनदा.

तिसरी कुणी दाखवली नाही.
चहाच्या टपरीमागं बांधलेली, तिच्यावर कुणाचं धोतर वाळत,
सिंचन खात्याची जुनी मोजणीची बोट, करड्या रंगाची,
आखूड, बसकी, फायलींच्या कपाटासारखी.
तीन फूट पाणी पुरतं.
हासमभाईनं एक वही आणून दिली :
कुठल्या तारखेला तेल बदललं, कधी पंख्याला दोर अडकला,
"आज नूरूला ताप, इंजिन चालू केलं नाही."
मी वही वाचत राहिलो. तळ ठोकायचा विसरलो.
मग ठोकला. घणघणीत.

हेमलता तोवर स्वयंपाकाच्या फळीपाशी,
छताला डोकं लागतं का बघून, पेला भरून ठेवत होती.
"आता चालू करा."
हासमभाईनं दोर ताणून गिअर टाकला.
पेल्यात वर्तुळं आली, पण मधोमध नाही,
एका कडेला, डावीकडे, सरकलेली.
तिनं माझ्याकडे पाहिलं.
डायल गेज लावून जे बघायला मला अर्धा दिवस लागतो
ते तिथं स्टीलच्या पेल्यात थरथरत होतं.
खाली उतरलो. इंजिनाच्या बैठकीचा एक बोल्ट,
मागचा, डावा, बोटानं फिरत होता.
पाना मागितला. दीड आटा.
वर आलो तर वर्तुळं मधे आलेली,
बारीक, एकात एक.

दार नीट लागत नाही म्हणून तिनं वीस हजार कमी केले.
मी गप्प. हासमभाई म्हणाला,
"तमारा घरनां वर्कशॉपमां हतां के?"

मग ते पाणी ती पिऊन टाकली,
पेला पिशवीत ठेवला,
आणि म्हणाली, हा करडा रंग मात्र राहू द्या,
निळ्याचं आपण बघितलं ना.